चारशे सीसीची नेकेड मोटरसायकल घडवताना: एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न नाशिकमधल्या मेकॅनिकल शाखेच्या अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा आहे. त्याच्या गटाने प्रकल्पासाठी चारशे सीसीच्या आसपासची नेकेड, म्हणजे आवरण नसलेली उघडी, मोटरसायकल निवडली आहे. एखाद्या स्पोर्ट्‌स बाइकचे फेअरिंग, म्हणजे वारा कापणारे प्लॅस्टिकचे आवरण, उतरवून, खाली झुकलेले क्लिप-ऑन हँडल काढून त्याजागी सरळ रुंद हँडल बसवले की नेकेड तयार होते का, होत नसेल तर नेमके काय बदलावे लागते, आणि इंजिन एका सिलिंडरचे घ्यावे की दोन, असे त्याने विचारले आहे. चासी (गाडीचा सांगाडा) आणि सस्पेन्शन हे माझ्या कामाचे क्षेत्र असल्यामुळे उत्तराचा कल थोडा त्या बाजूला राहील.

तुमची कल्पना निराधार नाही. युरोपात १९८०च्या दशकात अपघातात फेअरिंग मोडलेल्या स्पोर्ट्‌स बाइक लोक तशाच उघड्या चालवू लागले, कारण नवे फेअरिंग महाग होते. मिगेल गालुझी यांनी रेखाटलेली आणि १९९३ साली विक्रीला आलेली डुकाटी मॉन्स्टर हीसुद्धा घरातल्याच सामानातून जमवलेली होती. तिची फ्रेम ८५१ या सुपरबाइकच्या घराण्यातली आणि इंजिन ९०० सुपरस्पोर्टचे होते. मात्र तिची टाकी, बसण्याची ठेवण आणि मागचा आटोपशीर भाग हे सर्व नव्याने विचार करून केलेले होते, आणि तिचे यश त्या विचाराचे होते. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर चाकणला बनलेल्या केटीएमच्या ड्यूक ३९० आणि आरसी ३९० या पहिल्या पिढीतल्या गाड्या शेजारी उभ्या करून पाहा. दोन्हींचे ३७३ सीसीचे इंजिन एकच, पण फेअरिंगवाल्या आरसीचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा, अधिक उभा आणि दोन चाकांमधले अंतर कमी ठेवलेले होते. केवळ प्लॅस्टिक चढवण्या-उतरवण्याचा मामला असता तर कंपनीने वेगळी फ्रेम बनवण्याचा खर्च केला नसता.

हा खर्च का करावा लागतो, याचे उत्तर वाऱ्यात आहे. फेअरिंग गेले की गाडीचा वारा अडवणारा सर्वांत मोठा पृष्ठभाग म्हणजे चालकाचे शरीर ठरते, आणि १७० किलोच्या गाडीवर ७० किलोचा माणूस बसला की एकूण वजनातही त्याचा वाटा जवळपास तीस टक्के होतो. म्हणजे नेकेड गाडीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत वर असलेला सुटा भाग तुमच्या ड्रॉइंगमध्ये नसतोच. ताठ बसलेल्या चालकासह अशा गाडीचा रोध गुणांक आणि समोरचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.५५ चौरस मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला वारा कापायला साधारण २ पीएस (अश्वशक्ती) पुरतात, १२० ला सुमारे १६ पीएस लागतात आणि १५० ला ३१ पीएस. वेग दुप्पट झाला की रोध चौपट आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते, हे सूत्र तुम्हाला पाठ असेलच. चाळीस पीएसच्या नेकेडचा कमाल वेग ताशी १६० च्या आसपास का अडखळतो, ते या गणितावरून लक्षात येईल. त्यापुढे पाच-सात पीएस वाढवून हाती फारसे काही लागत नाही. म्हणून शहाणा इंजिन डिझायनर कॅमशाफ्ट आणि इनटेकची लांबी ठरवताना कमाल शक्तीपेक्षा ३,५०० ते ७,००० आरपीएममधल्या (मिनिटाला फेऱ्या) टॉर्ककडे, म्हणजे इंजिनाच्या पिळणाऱ्या जोराकडे, अधिक लक्ष देतो.

वाऱ्याचा दुसरा परिणाम प्रकल्पांत हमखास राहून जातो. ताशी १२० च्या वेगाला मागे ढकलणारे बल सुमारे ३५० न्यूटन असते. नेकेडमध्ये ते बरेच वर, चालकाच्या छातीच्या खालच्या बाजूला लागते, तर त्याला तोंड देणारे चाकाचे बल जमिनीलगत असते. या जोडीमुळे पुढच्या चाकावरचे साधारण वीस किलो वजन मागच्या चाकावर सरकते. त्याच वेळी वाऱ्याने मागे रेटला जाणारा चालक तोल सांभाळण्यासाठी हँडल घट्ट ओढून धरतो, आणि रुंद हँडलची तरफ मोठी असल्यामुळे त्याच्या हाताची प्रत्येक थरथर स्टीअरिंगपर्यंत पोहोचते. समृद्धीवर दुचाकींना बंदी आहे, पण मुंबई-आग्रा महामार्गावर पिंपळगावच्या पुढे मोकळ्या रस्त्याला, आडव्या वाऱ्यात, वाईट भूमितीची नेकेड हलकेच डुलू लागते तिचे कारण बहुतेक वेळा हेच असते. स्पोर्ट्‌स बाइकचा उभा फोर्क कायम ठेवून वर फक्त सरळ हँडल बसवणाऱ्यांच्या गाड्या अशाच वागतात.

ही भूमिती म्हणजे मुख्यतः तीन आकडे: स्टीअरिंगच्या अक्षाचा उभ्या रेषेपासूनचा कोन म्हणजे रेक, तो अक्ष जमिनीला जिथे छेदतो तिथपासून टायर टेकण्याच्या बिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे ट्रेल, आणि दोन चाकांच्या अक्षांमधले अंतर म्हणजे व्हीलबेस. या वर्गातल्या नेकेडसाठी रेक २४ ते २५ अंश, ट्रेल ९५ ते १०५ मिलिमीटर आणि व्हीलबेस १३५० ते १४०० मिलिमीटर ही वाजवी कक्षा आहे. ट्रेल काढण्यासाठी चाकाच्या त्रिज्येला रेकच्या साइनने गुणा, त्यातून फोर्कचा ऑफसेट (स्टीअरिंगच्या अक्षापासून चाकाचा अक्ष जितका पुढे तो) वजा करा आणि उत्तराला रेकच्या कोसाइनने भागा. ११०/७०-१७ मापाच्या टायरची त्रिज्या २९३ मिलिमीटर येते, २४.५ अंश रेक आणि ३२ मिलिमीटर ऑफसेट घेतला तर ट्रेल ९८ मिलिमीटर मिळतो. आता त्याच रिमवर गाडी दिसायला भारदस्त व्हावी म्हणून १२०/७० चा टायर चढवला की त्रिज्या ३०० होते आणि ट्रेल १०१ च्या पुढे जातो. फरक तीन मिलिमीटरांचा दिसतो, पण त्याबरोबर पुढचे चाक जड होते, अरुंद रिमवर टायरचा गोलावा बदलतो आणि गंगापूर रोडवर सहज वळणारी गाडी रेटून वळवावी लागते. टायरच्या दुकानात ‘एक साइज मोठा बसतो’ असे सांगणाऱ्याला हे गणित विचारून काही उपयोग नाही. ते आपणच करावे.

हे आकडेही गाडी उभी असतानाचे आहेत. ब्रेक दाबताच फोर्क दबतो. पुढची बाजू केवळ ४० मिलिमीटर खाली गेली तरी १३६० मिलिमीटर व्हीलबेसवर गाडी सुमारे १.७ अंशांनी पुढे झुकते, रेक तेवढाच कमी होतो आणि वरचा ९८ चा ट्रेल ८८ वर येतो. वळणाआधी ब्रेक मारला की गाडी चटकन आत शिरते ती यामुळेच, आणि फोर्क फार मऊ असेल तर तीच चपळाई अस्थिर वाटते. डबलसीटला याच्या उलट घडते. सप्तशृंगी गडावर जाताना नांदुरीच्या घाटात मागे माणूस आणि सामान असले की मागचा शॉकअप बसतो, रेक आणि ट्रेल दोन्ही वाढतात, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर जातो आणि प्रत्येक वळणाला गाडी बाहेरच्या बाजूला जाऊ पाहते. तिथे प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवण्याचे प्रमाण, वाढवणे हा योग्य उपाय आहे, पण तो का योग्य आहे याबद्दल मोठा गैरसमज पसरलेला आहे. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा दर तोच राहतो, फक्त गाडीची उंची पुन्हा जागेवर येते. चालकासह गाडी साधारण सस्पेन्शनच्या एकूण प्रवासाच्या (ते जितके दबू शकते त्या अंतराच्या) तीस टक्के बसावी, हा पाया धरून स्प्रिंग निवडा. आपल्या रस्त्यांवरच्या बेहिशेबी गतिरोधकांसाठी १४० ते १५० मिलिमीटर प्रवास असावा, आणि रिबाउंड डॅम्पिंग, म्हणजे दबलेला शॉकअप परत उघडताना होणारा रोध, असे ठेवावे की लागोपाठच्या पट्ट्यांवर शॉकअप परत उघडण्याआधीच पुन्हा दबत राहणार नाही.

फ्रेमच्या बाबतीत मी ट्रेलिस म्हणजे स्टीलच्या नळ्यांच्या जाळीच्या बाजूचा आहे, आणि त्याला दिसण्याइतकेच उत्पादनाचेही कारण आहे. नळी कापणे, वाकवणे आणि वेल्ड करणे हे नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांना नवे नाही. नमुना बनवून मोडून पुन्हा बनवणे परवडते, तर ॲल्युमिनियमच्या कास्टिंगचा साचा एकदा झाला की चूक दुरुस्त करणे महागात पडते. ट्रेलिसमध्ये इंजिन हाच फ्रेमचा खालचा भाग असतो. इंजिनाच्या केसिंगमधून भार जातो, त्यामुळे खालच्या नळ्या वाचतात, वजन कमी होते आणि इंजिन उघडे दिसते. याची किंमत अशी की माउंटिंगचे बोल्ट हे चासीचे घटक ठरतात. इंजिन उतरवून पुन्हा चढवताना गॅरेजमध्ये ते हाताला येतील त्या क्रमाने आवळले, तर फ्रेममध्ये कायमचा ताण राहतो आणि नंतर ‘व्हायब्रेशन वाढले’ म्हणून तक्रार येते. तुमच्या ड्रॉइंगवर आवळण्याचा क्रम आणि टॉर्क लिहिलाच पाहिजे.

विद्यार्थी फ्रेमचे संगणकीय विश्लेषण करताना एकच ध्येय ठेवतात, ते म्हणजे अधिकाधिक ताठरपणा. पीळ पडण्याविरुद्ध फ्रेम ताठ हवी यात शंका नाही, कारण दोन्ही चाके एकाच प्रतलात राहायला हवीत. परंतु आडव्या दिशेने थोडी लवचीकता मुद्दाम ठेवावी लागते. वळणात गाडी चाळीस अंशांनी कललेली असताना खड्डा चाकाला सरळ वर ढकलतो, फोर्क मात्र कललेल्या रेषेतच दबू शकतो. उरलेला दणका फोर्कच्या नळ्या, त्या नळ्या जोडणारी टी-स्टेमची पट्टी आणि फ्रेम यांनी किंचित वाकून सोसायचा असतो. त्या फारच ताठ केल्या तर टायर रस्त्यावरून उड्या मारत सरकतो.

आता इंजिन. एका सिलिंडरच्या चारशे सीसी इंजिनात बोअर (सिलिंडरचा व्यास) ८९ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ६४ मिलिमीटर असू शकतो, जसा ट्रायम्फ स्पीड ४०० मध्ये आहे. त्यातून ३९८ सीसी मिळतात, ८,००० आरपीएमला ४० पीएस आणि ६,५०० ला ३७.५ न्यूटन-मीटर टॉर्क. दोन सिलिंडरच्या कावासाकी झेड ४०० मध्ये बोअर ७० आणि स्ट्रोक ५१.८ आहे, म्हणजे क्षमता तितकीच. शक्ती ४५ पीएस, पण ती १०,००० आरपीएमला, आणि टॉर्क जवळपास तेवढाच असूनही त्याचे शिखर ८,००० ला. शहरात आणि घाटात तुम्ही ज्या पट्ट्यात गाडी चालवता तिथे एक सिलिंडरवाली वरचढ ठरते. ती अरुंद असते, हलकी असते, तिला थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर आणि एक्झॉस्टचा पाइप एकेकच लागतो. महामार्गावर ताशी ११० ला तासन्‌तास चालायचे असेल तर दोन सिलिंडर सुखाचे वाटतात.

एक सिलिंडरची अडचण पिस्टनच्या वजनात आहे. ६० मिलिमीटर स्ट्रोकवर ९,००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८ मीटर असतो, आणि वरच्या टोकाला त्याचा त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३,४०० पट भरतो. हे बल वर-खाली हेलकावत असते. क्रँकवरच्या (पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणाऱ्या दांड्यावरच्या) वजनाने आणि उलट फिरणाऱ्या एका बॅलन्सर शाफ्टने क्रँकच्या वेगाने येणारा पहिला हेलकावा जवळजवळ पूर्ण मारता येतो. पण क्रँकच्या दुप्पट वेगाने येणारा दुसरा हेलकावा शिल्लक राहतो आणि तोच फुटपेग, हँडल व आरशांत जाणवतो. म्हणून हँडलच्या टोकाला वजने आणि माउंटिंगला रबर लागते. शिवाय स्फोट दर दोन फेऱ्यांतून एकदाच होत असल्यामुळे तीन हजारांखाली चढ्या गिअरमध्ये चेन हिसके देते. त्यावर मागच्या हबमधले धक्के पिणारे कुश रबर आणि जड फ्लायव्हील हे उपाय आहेत, इंजेक्शनचे मॅपिंग नंतर.

दोन सिलिंडर घ्यायचेच ठरवले तर क्रँकचा कोन विचारपूर्वक निवडा. १८० अंशांच्या क्रँकमध्ये एक पिस्टन वर तर दुसरा खाली असल्यामुळे पहिला हेलकावा आपोआप कटतो, पण इंजिन बाजूला डोलते आणि दुसरा हेलकावा दुप्पट होतो. २७० अंशांत दुसरा हेलकावा कटतो, पहिल्यासाठी बॅलन्सर लागतो, आणि दोन्ही पिस्टन एकाच क्षणी थांबत नसल्यामुळे चाकापर्यंत पोहोचणारा टॉर्क अधिक गुळगुळीत व थ्रॉटलशी प्रामाणिक असतो. २०१४ साली आलेल्या यामाहा एमटी-०७ च्या ६८९ सीसी इंजिनाची ख्याती या रचनेमुळे आहे. तुमच्या प्रकल्पासाठी माझा कौल एका सिलिंडरला आहे. भारतात आणखी एक व्यवहारी गणित आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के जीएसटी लागतो. चारशेचा आकडा धरण्याआधी स्ट्रोक कमी करून ३४९ चे इंजिन कसे वागेल हे एकदा मांडून पाहाच.

उष्णतेकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण नेकेडचे मालक सर्वाधिक कुरकुर तिच्याबद्दलच करतात. द्वारका चौकातून मुंबई नाक्याकडे संध्याकाळी निघालेली गाडी ताशी सरासरी २५ किलोमीटर आणि लिटरला २५ किलोमीटर असा हिशेब धरला, तर तासाला एक लिटर पेट्रोल जळते. त्या लिटरात जवळपास ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे सतत ९ किलोवॅट. चाकाला त्यातले दोनही पोहोचत नाहीत. उरलेले सात किलोवॅट, म्हणजे घरातले साडेतीन गिझर, तुमच्या दोन गुडघ्यांमध्ये चालू असतात, आणि एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवा चाळिशीला टेकलेली असते. फेअरिंगवाल्या गाडीत ही गरम हवा वाट करून बाजूने काढता येते. नेकेडमध्ये रेडिएटरचा फॅन ती थेट नडग्यांवर फेकतो. बीएस-६ उत्सर्जन निकषांनंतर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून तो एक्झॉस्ट पोर्टच्या जवळ आणावा लागतो, त्यामुळे इंजिनाखाली आणखी एक भट्टी येते.

यावर एकच जालीम उपाय नाही, बारीकसारीक उपायांची बेरीज करावी लागते. रेडिएटरच्या दोन्ही कडांना असणारी प्लॅस्टिकचे पंख शोभेचे समजू नका. गरम हवा गुडघ्याच्या बाहेरून जावी की खालून, हे त्यांचा कोन ठरवतो. फॅनची हवा खाली वळवणारे आच्छादन, फ्रेमच्या नळीला मांडी टेकते तिथे उष्णतारोधक पट्टी, एक्झॉस्टच्या बेंडवर जाळी आणि टाकीच्या तळाशी परावर्तक पत्रा हे सर्व पहिल्या ड्रॉइंगपासून जागा धरून ठेवावे. शेवटी जागा शोधायला गेलात तर मिळत नाही.

उघड्या गाडीत लपवायला जागा नसते, ही गोष्ट स्टायलिंगवाल्यांइतकीच वायरिंगवाल्यांनाही छळते. बॅटरीचे चार्जिंग सांभाळणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरला वारा लागला पाहिजे, हॉर्नला तोंड मोकळे पाहिजे, कूलंटच्या नळीला वळण हवे, आणि हे सगळे ग्राहकाला दिसणार असते. इगतपुरी-कसारा पट्ट्यातल्या पावसात पुढच्या चाकाने उडवलेले पाणी सरळ इंजिनाच्या पुढच्या भागावर येते. म्हणून तिथले प्रत्येक कनेक्टर तोंड खाली करून बसवावे आणि वायर कनेक्टरमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलाच्या तळातून ठिबकते, आत जात नाही. मागे आखूड शेपटी सुंदर दिसते, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडहोल्ड, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागचे चाक निम्म्याहून कमी झाकले जाणार नाही असे संरक्षण लागते. साडीगार्ड नंतर वेल्ड करून लावलेला दिसू नये असे वाटत असेल तर सबफ्रेमच्या (सीटखालच्या मागच्या फ्रेमच्या) नळीतच त्याचे टेकू द्या.

ब्रेकबद्दल थोडक्यात. ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट) इतक्या मंदनात, म्हणजे जोरदार ब्रेक मारल्यावर, गुरुत्वमध्य ६२० मिलिमीटर उंचीवर असेल तर एकूण वजनाचे सुमारे ४१ टक्के पुढे सरकतात, म्हणजे पुढचे चाक जवळपास सगळा भार उचलते. २४० किलोंसाठी ३२० मिलिमीटरची एक डिस्क आणि चार पिस्टनचा कॅलिपर पुरेसा आहे; दुसरी डिस्क फक्त पुढच्या चाकाचे वजन वाढवील. एबीएस (चाक अडकू न देणारी ब्रेक यंत्रणा) १२५ सीसीवरच्या सर्व गाड्यांना एप्रिल २०१९ पासून बंधनकारक आहेच.

यातल्या बहुतेक गणितांना लागणारी गुरुत्वमध्याची उंची तुम्हाला कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, ती मोजावी लागेल. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा नको. कांद्याच्या व्यापाऱ्याकडचा प्लॅटफॉर्म काटा चालतो. एखादी अस्तित्वातली नेकेड घ्या, फोर्क आणि शॉकअप पट्ट्यांनी जखडून दबणार नाहीत असे करा, चालकाला नेहमीच्या स्थितीत बसवा आणि बाजूला दोघांनी फक्त बोटांनी तोल धरा. सपाटीवर पुढच्या चाकाचे वजन घ्या, मग मागचे चाक ३०० मिलिमीटर उचलून पुन्हा घ्या. पुढे वाढलेल्या वजनाला व्हीलबेसने गुणून, एकूण वजन आणि कललेल्या कोनाचा टॅन यांच्या गुणाकाराने भागा, आणि त्यात चाकाची त्रिज्या मिळवा. २४० किलो आणि १३६० मिलिमीटरच्या गाडीत पुढे सुमारे १३ किलो वाढले तर उंची ६१५ ते ६२० मिलिमीटर निघते. मग चालकाला स्पोर्ट्‌स बाइकवरच्यासारखे पुढे वाकवून तीच मोजणी पुन्हा करा; दोन आकड्यांमध्ये जो फरक येईल, तो धरून रेक आणि हँडलची जागा ठरवायला बसा.